डब्यावर काय लिहिलं होतं

हे मी माझ्या घरधन्याला सांगितलं नाही, पोटच्या पोरींना सांगितलं नाही, आणि लिंगपूजेला बसले तरी तिथंही दुसरंच काहीबाही पुटपुटून उठले. तुम्हाला का सांगतेय? ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल. ज्यांना राग यावा अशी माणसं आता उरली नाहीत, हे दुसरं.

गोष्ट बिस्किटांची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. मीही कितीदा स्वतःला म्हटलं, अगं बाई, बिस्किटंच ती, कशाला एवढं उगाळत बसतेस? पण मग अक्काचा चेहरा समोर येतो, आणि बिस्किटं राहतात बाजूला.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पोलीस ॲक्शन अजून दहा-बारा वर्षं लांब होती. मी उदगीरची, लग्न होऊन कल्याणीजवळच्या कोहिनूर गावी आलेली, वय सतरा की अठरा. सासरचं घर लिंगायतांचं, शेती आणि तूर-करडीचा व्यापार. घरात बोलणं मराठी, म्हाताऱ्या माणसांशी कानडी, आणि सरकारचा कागद आला की तो उर्दू. तो उर्दू कागद घरात कुणालाच वाचता यायचा नाही. मामंजींना मोडी यायची, आमच्या ह्यांना मोडी आणि थोडं कानडी. कागद घेऊन कल्याणीच्या मुन्शीकडे जावं लागायचं.

आणि मी कोण होते? उर्दू येणारी सून. माझे वडील उदगीरच्या कचेरीत कारकून. ते भावाला उर्दू शिकवायचे आणि मी शेजारी वाती वळत बसायचे. अलिफ, बे, पे आलं. स्वतःचं नाव आलं. छापील पहिलं पुस्तक बोट ठेवून, अडखळत, पानभर वाचता यायचं — तेही भाऊ आधी मोठ्यानं वाचायचा म्हणून. सोयरीक जमवणाऱ्यानं मात्र सांगून टाकलं, ‘मुलीला उर्दू येतंय.’ वडिलांनी नाही म्हटलं नाही. मी तरी कशी म्हणणार?

सासरी आल्यावर एकदाच परीक्षा झाली. कल्याणीहून एका सय्यदांच्या घरचा हिरवा कागद आला. आणणारा गडी दारातच म्हणाला होता, शादी है. मी कागद हातात घेतला, जरा वेळ डोळे फिरवले आणि म्हणाले, ‘लग्नाचं बोलावणं आहे.’ मामंजी खूश. गल्लीभर सांगितलं त्यांनी. त्या दिवसापासून सासूबाई — आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात — माझ्याशी जरा मऊ बोलू लागल्या. नव्या सुनेला घरात पाय रोवायला काहीतरी लागतं ना? कुणाचा हात गोड असतो, कुणी गोरी असते. माझ्याकडे हे होतं. म्हणजे नव्हतंच — पण होतं असं सगळ्यांना वाटत होतं.

आता अक्का. नागम्मा अक्का, ह्यांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा गेला. आमच्यात दुसरा घरोबा होत नाही असं नाही, पण आमच्या घराला तो कमीपणाचा वाटला, म्हणून ती माहेरीच राहिली. मी आले तेव्हा तिशीची असेल. उंच, काटक, बोलणं कमी. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते तर आम्हा सगळ्यांच्याच गळ्यात असतं, पण आमचं असणं वेगळं आणि तिचं वेगळं. कुठलीही गोष्ट तोंडात घालायची म्हणजे आधी लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला ती दाखवायची, मग प्रसाद म्हणून खायची. शेतात हरभऱ्याचा घाटा सोलला तरी. मला आधी हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

आणि सोमवार. दर सोमवारी आमच्याकडे आमचे गुरू, जंगम अय्या, जेवायला यायचे. त्यांचा स्वयंपाक अक्का करायची, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायचा नाही. पहाटे ओल्या लुगड्यानं चूल पेटवायची. गव्हाची गोड हुग्गी, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळीच्या येळवणीची आमटी. अय्या जेवून म्हणायचे, ‘नागम्मा, तृप्त झालो.’ एवढं ऐकून ती उरलेले सहा दिवस राबायची. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून सांगतेय.

ह्यांचा कल्याणीला एक व्यापारी दोस्त होता. त्यानं मोटार घेतली होती, आणि एक दिवस ती ड्रायव्हरसकट आम्हाला दिली. ह्यांच्या डोक्यात बिदरजवळचा बिस्किटांचा कारखाना. नवा होता, मालक लोकांना आत बोलावून दाखवायचा आणि जाताना प्रत्येक घराला एक डबा हातात द्यायचा. गावोगावचे लोक नुसतं ते बघायला जायचे. अत्तींना बिस्किट ऐकूनच शिसारी आली. मग ह्यांनी वाटेत हुमनाबादच्या वीरभद्राचं दर्शन घातलं, बिदरचा किल्ला घातला, पापनाशाचं देऊळ घातलं, तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. अत्ती, अक्का आणि मी मागं बसलो, हे पुढं, आणि मोटार चालवायला दस्तगीरभाई.

तो दिवस किती चांगला होता, हे सांगू की नको? कबुली द्यायला बसलेल्या बाईनं असं म्हणावं का? पण होता. अक्का जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. हुमनाबादपर्यंत तिनं डोळेच उघडले नाहीत. दर्शन घेऊन निघालो, मग एक डोळा उघडला, मग दुसरा. ‘नंदे,’ मला म्हणाली, ‘झाडं मागं पळायलीत बघ.’ अत्ती म्हणाल्या, ‘गप बस, उलटी व्हईल.’ अक्का गप्प बसली, पण हसत होती.

कारखान्यात बायकांना वरच्या सज्ज्यात, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड उभं केलं. खाली पांढऱ्या टोप्या घातलेले गडी पिठाच्या लांबच लांब पोळ्या लाटायलेले, यंत्र त्यावर दणादण ठसे मारायलेलं, आणि भट्टीतून पत्र्याच्या परातीच्या पराती बाहेर येत होत्या. असा खमंग वास मी आधी कधी घेतला नव्हता. अक्का पडद्याला नाक लावून बघत होती. ‘हे तर आपले शंकरपाळेच की. नुसते तळत न्हाईत.’ खालून एक मुन्शी मोठ्यानं सगळं समजावत होता. शेवटी म्हणाला, ‘दो किस्म के बनाते हम. एक अंडे के, एक बगैर अंडे के. डिब्बे पो लिखा रहता, देख को लेना.’

हे आम्ही तिघींनीही ऐकलं. दारातून निघताना एका गड्यानं ह्यांच्या हातात डबा ठेवला. कुठला, कुणी विचारलं नाही. हे आधीच मोटारीच्या दिशेनं चालायला लागले होते.

किल्ला बघितला. तोफेला हात लावून झाला. दुपारी पापनाशाला आलो. तळं आहे तिथं, देऊळ आहे, सावली आहे. हे आणि दस्तगीरभाई चाकात हवा भरायला गेले. अत्ती अक्काच्याच हातच्या भाकरीचा तुकडा खाऊन देवळाच्या ओट्यावर आडव्या झाल्या. बाहेरचं काही त्या खाणारच नव्हत्या. अक्का आणि मी झाडाखाली. तिनं डबा मांडीवर घेतला होता. हिरवा डबा, सोनेरी अक्षरं. झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. मग माझ्यापुढं केला.

‘नंदे, काय लिवलंय बघ की. अंडं हाय का न्हाई?’

मी डबा घेतला. ती अक्षरं — कुण्या कातिबानं हौसेनं काढलेली, एकात एक गुंतलेली, वर फुलं, खाली फुलं. मला त्यातलं अलिफसुद्धा सापडेना. एक अक्षर, देवाशपथ, एक अक्षर कळलं नाही. काय करायला हवं होतं? ‘अक्का, मला वाचता येत नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. किंवा थांबा म्हणायचं, दस्तगीरभाईंना सांगून कुणाकडून तरी वाचून घेऊ. अक्का थांबली असती. ती आयुष्यभर थांबलेलीच होती.

मी बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवलं — तेवढं मला येत होतं ना. आणि म्हणाले, ‘बगैर अंडं असं लिहिलंय, अक्का. खावा.’

तिनं डबीतून लिंग काढलं, तळहातावर घेतलं, आणि ते बिस्किट त्याच्यापुढं धरलं. डोळे मिटले. मी बघत होते. त्या वेळी तरी थांबवायचं होतं. मला काय वाटलं तेव्हा? वाटलं, असेलही बगैर अंड्याचं. दोनच तर प्रकार, त्यातलं बगैरचंच असेल की. मग तिनं खाल्लं. चार खाल्ली एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी तसंच, तळहात, डोळे मिटणं, मग घास. माझ्या पदरातही तिनं चार टाकली. अत्ती समोरच ओट्यावर होत्या, कधी जाग्या होतील नेम नव्हता, आणि सासूसमोर नव्या सुनेनं असलं काही चघळायचं नसतं, म्हणून मी झाडामागं, तळ्याच्या पायऱ्यांकडं जाऊन खाल्ली. चारही. अक्कानं मला खाताना बघितलं नाही. हे लक्षात ठेवा. उरलेली ह्यांनी आणि दस्तगीरभाईंनी वाटेत संपवली. पुरुषांनी बाहेर काय खाल्लं याची चौकशी आमच्या घरात कधी झालेली नाही.

रिकामा डबा अक्कानं घरी नेला. त्यात विभूतीचे गोळे भरून देवघरात ठेवला. तिला तो फार आवडला होता.

मग पाच-सहा महिन्यांनी, एका सोमवारी, अय्या जेवायला आले. पूजेला बसताना विभूती घ्यायला त्यांनी तो डबा उचलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, ‘हा अंड्याच्या बिस्किटाचा डबा देवघरात कसा?’ अय्या हैद्राबादला राहून आलेले. त्यांना उर्दू येत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

सगळे तिथंच होतो. मामंजी, अत्ती, अक्का, मी. अत्ती माझ्याकडे वळल्या. ‘तूच वाचली असशील की गं? तिला कामून न्हाई सांगितलंस?’

बघा, प्रश्न किती सोपा होता. आणि त्याचं खरं उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं? अत्तींनी चार शब्द सुनावले असते. मामंजींचं नाक गल्लीत खाली झालं असतं. वडिलांना एक पत्र गेलं असतं. घराबाहेर तर कुणी काढलं नसतं. मला अंड्याची भीती वाटली नाही, विटाळाची नाही, पापाची तर अजिबात नाही. एकच भीती — आता सगळ्यांना कळणार की हिला वाचता येत नाही.

मी म्हणाले, ‘मी सांगितलं होतं अक्कांना. अंडं आहे म्हणून. मी खाल्लं नाही.’

एका दमात तीन खोटी. आवाजही हलला नाही माझा.

सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. मीही बघितलं — बघायला नको होतं. मला वाटलं होतं, आता ही ओरडेल, खोटं बोलायलीस म्हणेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं असतं. पण ती माझ्यावर रागावली नाही. ती गोंधळली. कपाळाला आठ्या घालून, कुठंतरी ठेवलेली वस्तू आठवावी तशी, ती आठवायला लागली. ओठ हलत होते. मग तिचा हात गळ्यातल्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

‘सांगितलं असंल,’ ती म्हणाली. ‘माझंच ध्यान नसंल.’

अय्या खरं म्हणजे भला माणूस. त्यांनी एक दिवसाचा उपास सांगितला, लिंगाला अभिषेक सांगितला, आणि म्हणाले, चुकून झालं, विषय संपला. पण घराचा कुठं संपला? अत्तींनी त्याच दिवशी ठरवलं, ज्या बाईला जिभेपुढं लिंग दिसलं नाही, तिच्या हातचं अय्यांना वाढायचं नाही. सोमवारची चूल तिच्याकडून काढली.

आणि दिली कुणाला? मला. जी दुसऱ्याला सावध करते, स्वतः मोहात पडत नाही, त्या गुणी सुनेला.

मला तो स्वयंपाक येतही नव्हता. अक्कानं शिकवला. उंबऱ्याबाहेर बसायची, आत पाऊल टाकायची नाही, आणि तिथून सांगायची — गूळ आता घाल, आच कमी कर, आमटीला अजून एक उकळी. मी तिच्या तोंडाकडे बघून हात चालवायचे. अय्या जेवायचे आणि मला म्हणायचे, ‘तृप्त झालो, माय.’ ती बाहेर ऐकत असायची. पुढं अय्या गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, अत्ती-मामंजी गेले, निजाम गेला, बिदर जिल्हा म्हैसुरात गेला, उर्दू कागद यायचे बंद झाले आणि माझं अज्ञान कायमचं झाकलं गेलं. चूल माझ्याकडेच राहिली. घरची कर्ती मीच होते तेव्हा. एका शब्दानं मी ती तिला परत देऊ शकले असते. का नाही दिली? विचारलं असतं तर काय सांगायचं, म्हणून. किंवा — हेही असेल — मला ती आवडायला लागली होती म्हणून. ‘तृप्त झालो, माय’ ऐकायची सवय लागते.

आता माझे नातू स्वयंपाकघरात उभं राहून आम्लेट करतात. त्याच चुलीच्या जागी गॅस आहे. मला काही वाटत नाही. मग मी नेमकी कशाची कबुली देतेय? अंडं तर आता कुणी मोजतही नाही. डबा वाचता आला नाही, तो गुन्हा का? बोट फिरवलं तो? की ती तीन खोटी? की चूल? मी हे सगळं उलटसुलट लावून बघितलंय, आणि दर वेळी वेगळंच उत्तर येतं. एक मात्र दर वेळी तेच असतं, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तिथपर्यंत यायचं धाडस होत नव्हतं.

अक्का सत्तरीला आली आणि अंथरुणाला खिळली. तिचं करायला मीच होते. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तशाही अवस्थेत तिनं आधी तळहात पुढं केला, लिंगाला वाटी दाखवली, मग तोंड उघडलं. दोन चमचे झाल्यावर थांबली.

‘नंदे, एक इचारू? खरं सांग. तवा पापनाशाला... तू मला सांगितलं व्हतंस न्हवं, अंडं हाय म्हणून?’

मी चमचा वाटीत ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो. सासू नाही, सासरा नाही, अय्या नाहीत. उर्दूही नाही. भ्यायला काहीसुद्धा शिल्लक नव्हतं. चाळीस वर्षांत देवानं याहून मोकळी वाट दिली नसती.

‘हो,’ मी म्हणाले. ‘सांगितलं होतं.’

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिच्या अंगातून काहीतरी जड निघून गेल्यासारखं मला दिसलं.

‘मग झालं,’ ती म्हणाली. ‘मला लई आठवायचं बघ. किती आठवलं तरी तू बगैर म्हणलीस असंच ध्यानात यायचं. मनात म्हणायची, नंदा खोटं बोलली. एवढी वर्षं तुझ्या हातचं खायली आन् मनात तुझ्याबद्दल हे वाईट धरून बसले. अंड्यापरीस त्याचंच पाप वाटायचं मला. रोज लिंगापुढं त्याचीच माफी मागायची. आता तू कर माफ.’

असं म्हणून तिनं माझ्यापुढं हात जोडले.

मी ते हात धरले, खाली ठेवले, आणि म्हणाले, ‘असू द्या, अक्का. मी माफ केलं तुम्हाला.’